नवं इंधन आलं म्हणून जुनं जात नाही

विजेच्या बिलावर वापरलेल्या युनिटचा रकाना असतो. आपली नजर त्यावरून घसरते आणि थेट रुपयांवर थांबते. पण ऊर्जेचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर त्या रकान्यापासूनच सुरुवात करावी. हजार वॉटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट वीज खर्च होते. आता हेच काम अंगमेहनतीत मोजून पाहू. धडधाकट मजूर कुदळ-फावडं घेऊन दिवसभर राबतो तेव्हा त्याच्या स्नायूंतून सरासरी ७५ वॉटच्या आसपास काम बाहेर पडतं. आठ तासांचे झाले साधारण ०.६ युनिट. म्हणजे एका युनिटसाठी एका माणसाला दीड दिवसाहून जास्त राबावं लागेल. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली जेमतेम पाव चाकांपर्यंत पोहोचवतं, तरी ती पाव म्हणजे एका माणसाची तीन-चार दिवसांची मेहनत.

हा हिशेब डोक्यात ठेवला की माणूस ऊर्जेसाठी एवढा का धडपडला ते कळतं. दळण, पाणी शेंदणं, ओझी वाहणं, लाकडं फोडणं ही सगळी कामं हजारो वर्षं कुणी तरी स्वतःच्या अंगाने केली. त्या ‘कुणी तरी’मध्ये बायका होत्या, गुलाम होते, वेठीला धरलेली माणसं होती.

ही गोष्ट आपल्याला बहुधा एका शिडीसारखी सांगितली जाते. आधी लाकूड, मग कोळसा, मग तेल, मग अणू, आता सूर्य. माणूस एक पायरी चढला की खालची पायरी सुटली. हे चित्र सोपं आहे, पण खरं नाही. आजवर माणसाने एकही मोठं इंधन खऱ्या अर्थाने सोडलेलं नाही. नवं आलं ते जुन्याच्या शेजारी येऊन बसलं. १९०० साली सगळं जग मिळून वर्षाला एक अब्ज टनांपेक्षा कमी कोळसा जाळत होतं. २०२४ मध्ये हा आकडा आठ अब्ज टनांच्या वर होता. ज्याला आपण कोळशाचं युग म्हणतो ते संपलं नाही, आत्ता ते ऐन भरात आहे. पुढे काय करायचं याचा विचार या आकड्यापासून सुरू व्हायला हवा.

ऊन: ताजं आणि साठवलेलं

माणसाच्या पूर्वजांनी आग वापरल्याच्या सर्वांत जुन्या भक्कम खुणांपैकी काही दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सापडल्या आहेत. त्या साधारण १० लाख वर्षांपूर्वीच्या आहेत. आगीमुळे ऊब मिळाली, जनावरं दूर राहिली, आणि अन्न शिजायला लागलं. शिजवलेल्या अन्नातून शरीराला जास्त ऊर्जा मिळते, त्यामुळे चूल हे माणसाचं पहिलं ऊर्जायंत्र म्हणायला हरकत नाही. त्यानंतर बैल आणि घोडे आले. मग वाहतं पाणी आणि वारा कामाला लागले. छत्रपती संभाजीनगरातली पाणचक्की अनेकांनी पाहिली असेल. दूरवरच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर जातं फिरवायचं, दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळायचं. जिथे कुणाचा तरी खांदा भरून यायचा, तिथे पाणी राबत होतं.

या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. लाकडात वीस-तीस वर्षांचं ऊन असतं, कडब्यात एका हंगामाचं. वारा सूर्याच्या उष्णतेने वाहतो, आणि नदीचं पाणी सूर्यानेच समुद्रातून उचलून डोंगरावर टाकलेलं असतं. तेव्हाची माणसं सूर्याच्या महिन्याच्या पगारावर जगत होती. कोळसा सापडला तेव्हा त्यांच्या हाती वडिलोपार्जित ठेव लागली. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतली झाडं गाडली गेली, दाबली गेली, आणि त्यांच्यातलं ऊन दगड होऊन राहिलं. पगारावर जगणाऱ्या गावाची वाढ आसपासच्या जंगलाने आणि कुरणाने ठरते. ठेव मोडणाऱ्याला तसलं काही बंधन नसतं, निदान सुरुवातीला तरी.

ठेव मोडण्याची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. तिथल्या कोळशाच्या खाणी खोल जात होत्या आणि पाण्याने भरत होत्या. १७१२ साली थॉमस न्यूकोमेनने वाफेवर चालणारा पंप खाणीवर बसवला. जाळलेल्या कोळशातल्या ऊर्जेपैकी एक टक्कासुद्धा त्यात कामी येत नसे. तरी तो चालला, कारण तो खाणीच्या तोंडावरच होता आणि विकला न जाणारा भुगा तिथे पडलेलाच असे. म्हणजे कोळशाच्या यंत्राचं पहिलं काम कोळसाच बाहेर काढणं हे होतं. जेम्स वॉटने १७६९ मध्ये पेटंट घेतलेल्या सुधारणेमुळे तेवढ्याच कोळशात कितीतरी जास्त काम होऊ लागलं. कोणालाही वाटेल की मग कोळसा कमी लागला असेल. झालं उलटं. काम स्वस्त झालं, म्हणून ते हजार ठिकाणी करणं परवडू लागलं, आणि कोळशाचा खप वाढत गेला. विल्यम स्टॅनली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये हे नेमकं दाखवून दिलं होतं. एलईडी दिवे आले, पाच ताऱ्यांचे एसी आले, म्हणून विजेची एकूण मागणी घटली नाही, याचं कारण तिथे सापडतं.

कोळशाने जंगलं तरी वाचवली का? खाणीची छतं सावरायला लाकडाचे खांब लागले. रूळ टाकायला लाकडाचे स्लीपर लागले. भारतात १८६४ मध्ये इंग्रजांनी वनखातं काढलं, त्यामागे रेल्वेला लागणारं साग, साल आणि देवदाराचं लाकूड हे एक मोठं कारण होतं. कोळशावर धावणारी गाडी जंगल खात खात पुढे गेली.

मुंबईचा धूर आणि मावळचं पाणी

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. १८५६ मध्ये ताडदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली. मुंबईच्या बंदरात कापूस होता, मजूर होते, भांडवल होतं. कोळसा मात्र नव्हता. बंगालमधल्या राणीगंजच्या खाणी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणून सुरुवातीला इंग्लंडहून जहाजाने आलेला कोळसा गिरण्यांच्या भट्ट्यांत पडत असे. गिरण्या वाढल्या, धुराडी वाढली, गिरणगावावर काजळी बसली.

याला पर्याय सह्याद्रीत होता. घाटमाथ्यावर चार महिन्यांत काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि लगेच पश्चिमेला कडा अर्धा किलोमीटर खाली उतरतो. पडणाऱ्या पाण्याचं गणित फार सुंदर आहे. हजार लिटर पाणी ३६७ मीटर खाली आणलं की त्यातून एक युनिट ऊर्जा मिळते (गळती सोडून). पाणी कमी असलं तरी चालेल, उंची हवी. जमशेटजी टाटांनी या कल्पनेचा ध्यास घेतला होता. ते १९०४ मध्ये गेले, काम पुढच्या पिढीने उभं केलं. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे तलाव बांधले, पाणी नळांतून खोपोलीला उतरवलं, आणि १९१५ मध्ये तिथली वीज सुमारे ७० किलोमीटर तारांवरून परळला पोहोचली. गिरण्यांची चाकं पावसाच्या पाण्यावर फिरू लागली. १९२२ मध्ये भिवपुरीचं आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. १९२५ मध्ये मुंबईत विजेची लोकल धावली.

भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीला धरण बांधलं गेलं. त्यात मावळातली पन्नासच्या आसपास गावं आणि त्यांची भातखाचरं जाणार होती. शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले, तुरुंगात गेले, आणि ‘सेनापती’ हे नाव त्यांना याच लढ्याने दिलं. लढा हरला. धरण झालं. धरणग्रस्तांच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांपैकी हा एक होता, आणि ज्या विजेसाठी तो झाला ती धूर न सोडणारी, स्वच्छ वीज होती. स्वच्छ ऊर्जेबद्दल बोलताना मुळशी विसरणं मला मान्य नाही. हवेत धूर गेला नाही म्हणून किंमत चुकवली गेली नाही, असं होत नसतं.

कोयनेची गोष्ट याच वळणाने जाते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेला हा प्रकल्प टप्प्याटप्प्याने १,९६० मेगावॉटपर्यंत गेला. महाराष्ट्रातल्या कारखान्यांची एक पिढी त्यावर उभी राहिली. पण कोयना मुळात पूर्वेला वाहणारी नदी, कृष्णेला मिळणारी. विजेसाठी तिचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला, पोफळीच्या बाजूला वळवलं जातं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. वीज हवी तर उंच कडा पश्चिमेला आहे; शेतीला पाणी हवं तर तहानलेले तालुके पूर्वेला आहेत. एकाच पाण्याची ही दोन कामं एकमेकांच्या आड येतात, म्हणून राज्यांमधलं पाणीवाटप ठरवणाऱ्या कृष्णा पाणी लवादाला पश्चिमेकडे किती पाणी न्यायचं यावर मर्यादा घालावी लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप धरणातल्या पाण्याच्या साठ्याशी जोडलेला होता, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्यात जवळपास २०० माणसं गेली. धरणासाठी उठवलेल्या कुटुंबांची पुनर्वसनासाठीची आंदोलनं आपण कालपरवापर्यंत पाहत आलो आहोत.

एवढं पाणी कामाला लावूनही मुंबईची भूक भागली नाही. १९५६ मध्ये तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) कोळसा-तेलासारखी इंधनं जाळणारं औष्णिक केंद्र सुरू झालं आणि १९६९ मध्ये तारापूरला अणुवीज. खोपोली मात्र बंद पडलं नाही. ते आजही चालू आहे.

तेल, अणू, आणि उकळतं पाणी

तेलाबद्दल थोडक्यात. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एडविन ड्रेकने विहीर खोदली ती दिव्यांच्या रॉकेलसाठी. पेट्रोल तेव्हा नको असलेला उरलेला भाग होता. तेलाचं खरं बळ ते द्रव असण्यात आहे: नळातून नेता येतं, टाकीत भरता येतं, गाडीबरोबर फिरतं. त्यापायी देश परावलंबी झाले. १९७३ च्या तेलसंकटात पिंपाचा भाव काही महिन्यांत साधारण तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला. पुढच्याच वर्षी मुंबईजवळच्या समुद्रात ‘सागर सम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या रिगला बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र सापडलं, तेव्हा देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. तरीही आज आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो.

अणूत ऊर्जेची दाटी थक्क करणारी आहे. एक किलो युरेनियम-२३५ चे सगळे अणुगर्भ फुटले तर दोन कोटी युनिटहून जास्त उष्णता निघते. त्यासाठी दोन-तीन हजार टन कोळसा जाळावा लागेल. होमी भाभांनी युरेनियमवरून थोरियमवर जाण्याचा तीन टप्प्यांचा कार्यक्रम आखला, कारण आपल्याकडे युरेनियम थोडं आणि केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम भरपूर. तरीही देशाच्या विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच राहिला आहे. अणुभट्टी बांधायला लागणारी वर्षं, पैसा आणि आजूबाजूच्या लोकांचा विश्वास या तिन्ही गोष्टी युरेनियमपेक्षा दुर्मीळ निघाल्या. कोकणातल्या जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाचा वाद हेच सांगतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोळसा असो की अणू, दोन्हीकडे शेवटी पाणी उकळतं, वाफ होते आणि वाफेने चक्र फिरतं. इतक्या प्रगत विज्ञानाच्या पोटात न्यूकोमेनचाच बंब आहे. पाणी आणि वारा वाफेच्या घराण्याबाहेरचे, पण चक्र त्यांनाही फिरवावंच लागतं. चक्राशिवाय वीज देणारं पहिलं मोठं तंत्र म्हणजे सौर पत्रा, म्हणजे सोलर पॅनेल. त्यात काही उकळत नाही, काही फिरत नाही. सिलिकॉनवर ऊन पडलं की त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि विजेचा प्रवाह मिळतो.

सूर्य: भरपूर, पण विरळ आणि वेळेचा पक्का

सूर्य पृथ्वीवर तासाभरात जेवढी ऊर्जा टाकतो, साधारण तेवढीच सगळी मानवजात वर्षभर वापरते. मग एवढा वेळ का लागला? कारण ती पसरलेली आहे आणि रात्री नसते. अमेरिकेतल्या बेल लॅब्जने १९५४ मध्ये दाखवलेला सिलिकॉनचा सौर घट सहा टक्के उजेडाची वीज करत होता आणि इतका महाग होता की तो मुख्यतः उपग्रहांना परवडला. पण पॅनेल कारखान्यात बनतात. जितकी जास्त बनवावी तितकी बनवण्याची हातोटी सुधारते, भाव उतरतो. धरणाचं तसं होत नाही, कारण प्रत्येक दरी वेगळी. २०१७ मध्ये राजस्थानात भडलाच्या लिलावात सौर विजेचा दर २ रुपये ४४ पैसे युनिटपर्यंत खाली आला. २०२५ च्या सुरुवातीला भारताची सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली.

महाराष्ट्रात याचा सगळ्यात चांगला उपयोग मला शेतीपंपांत दिसतो. शेतीला थ्री फेज वीज आलटून पालटून मिळते, कित्येकदा रात्रीची. बारे द्यायला शेतकरी काळोखात बांधावर जातो, जिथे साप असतो आणि जुन्नरसारख्या भागात बिबट्याही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीला, दिवसा वीज द्यायची, ही तिची कल्पना. ऊन असतं तेव्हाच पंप चालवला तर साठवणुकीचा प्रश्नच उरत नाही. उन्हाच्या वेळापत्रकात बसणारं काम शोधून ते उन्हाला देणं, हा या विषयातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सगळी कामं तशी बसत नाहीत. विजेच्या जाळ्यात जेवढी वीज वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. आपल्याकडे प्रवाहाची कंप्रता (फ्रिक्वेन्सी) ५० हर्ट्झ ठेवतात. मागणी जास्त झाली की ती घसरते, फार घसरली की यंत्रं स्वतःला वाचवायला बंद पडतात, आणि एकामागून एक भाग अंधारात जातात. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला देशाच्या उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या जाळ्यांत असं लागोपाठ कोसळणं झालं आणि ६० कोटींहून जास्त लोकांच्या भागाची वीज गेली. सौर विजेची अडचण नेमकी संध्याकाळी सातला येते: पॅनेल झोपलेली, आणि घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर चालू.

त्यावर एक इलाज म्हणजे वेगवेगळ्या स्वभावाची साधनं जोडणं. साताऱ्यात चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावरच्या पवनचक्क्या पावसाळ्यात जोरात असतात, म्हणजे नेमक्या तेव्हा, जेव्हा ढगांमुळे सौर वीज मंदावते. दुसरा इलाज साठवणं. बॅटऱ्या झपाट्याने स्वस्त होत आहेत, पण मोठ्या साठ्यासाठी जुनीच युक्ती अजून भक्कम आहे. एक तलाव घाटमाथ्यावर, एक खाली. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, कमी पडेल तेव्हा खाली सोडायचं. चढवण्या-उतरवण्यात वीस-पंचवीस टक्के वीज वाया जाते, तरी परवडतं. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प असाच चालतो. २०२३ मध्ये शिरवता आणि भिवपुरी इथे मिळून २,८०० मेगावॉटच्या अशाच प्रकल्पांचा करार टाटा पॉवरने राज्य सरकारशी केला. सह्याद्रीत असे आणखीही प्रकल्प येऊ घातले आहेत, आणि ते जिथे होतील तिथेही गावं आहेत, देवराया आहेत.

अणूंचं मीलन, म्हणजे सूर्याच्या पोटात चालतं ते, यावरही काम चालू आहे. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत डिसेंबर २०२२ मध्ये लेझरने इंधनावर २.०५ मेगाज्यूल टाकले आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आले. हा मोठा टप्पा आहे. मात्र ते लेझर पेटवायला जाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल वीज घेतली गेली. फ्रान्समधल्या इटर या अणुमीलनाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत भागीदार आहे. यातून घरात वीज येईल तेव्हा येईल. तिच्या भरवशावर आजचे निर्णय पुढे ढकलता येणार नाहीत.

पहिल्यांदाच काही सोडायचं आहे

आता पुन्हा कोळसा. भारताच्या विजेपैकी साधारण तीन चतुर्थांश अजून कोळशावर आहे. २०२४-२५ मध्ये देशातल्या खाणींनी एक अब्ज टनांचा टप्पा ओलांडला. सौर वाढली, कोळसाही वाढला. आणि याला निव्वळ हावरटपणा म्हणता येत नाही. भारतात दरडोई वीजवापर वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास आहे, अमेरिकेत तो १२,००० च्या घरात. आपल्याकडच्या कितीतरी बायका अजून सरपण गोळा करतात आणि चुलीच्या धुरात डोळे चोळतात. त्यांना जास्त ऊर्जा मिळायलाच हवी.

जे काम आजवर कुठल्याच पिढीने केलं नाही ते इथे आहे: कोळसा शिल्लक असताना, स्वस्त असताना, हवामानासाठी तो सोडायचा. हे अशक्य नाही. ब्रिटनने १८८२ मध्ये लंडनला कोळशावरचं पहिलं सार्वजनिक वीजकेंद्र सुरू केलं होतं आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ इथलं शेवटचं बंद केलं. पण तिथलंच ड्रॅक्स नावाचं प्रचंड कोळसाकेंद्र आता अमेरिकेतून जहाजाने आणलेल्या लाकडाच्या गोळ्या जाळतं. सरकारदरबारी ती नूतनक्षम ऊर्जा म्हणून मोजली जाते. तीनशे वर्षांपूर्वी ज्या देशाने लाकडाकडून कोळशाकडे तोंड वळवलं, तिथे लाकूड पुन्हा भट्टीत पडतं आहे.

आपल्यासाठी हा प्रश्न चंद्रपूरला जाऊन भिडतो. तिथलं २,९२० मेगावॉटचं केंद्र राज्यभर वीज देतं. राख आणि उष्मा चंद्रपूरकरांच्या वाट्याला येतो, आणि रोजगारही तिथूनच येतो. भारताने नेट झिरोसाठी, म्हणजे हवेत सोडलेले हरितगृह वायू आणि शोषून घेतलेले वायू यांचा हिशेब शून्यावर आणण्यासाठी, २०७० हे साल जाहीर केलं आहे. घुग्घुस किंवा वणीच्या खाणीत आज पंचविशीत लागलेला कामगार २०६० च्या आसपास निवृत्त होईल. म्हणजे कोळशाचा उतार त्याच्या नोकरीच्या काळातच सुरू व्हायला हवा. त्याच्या मुलीने बल्लारपूरच्या आयटीआयमध्ये कुठला ट्रेड घ्यावा, खाण मिटल्यावर ती जमीन कुणाच्या नावावर जाईल, खाणीवर चालणारी गॅरेज, खानावळी आणि ट्रक कशावर चालतील, हे तिथल्या लोकांसोबत बसून आत्ताच ठरवायला घ्यायला हवं. मुळशीच्या शेतकऱ्यांना न विचारताच धरणाचं काम सुरू झालं होतं.